मे महिन्यातलं बेट

निपाणीहून सातच्या लाल बसनं आम्ही पाचजणी,
भिशीत उरलेल्या पैशांचं काय करायचं
यावरून चार महिने वाद घालून निघालेल्या.
अक्काताईला समुद्रातलं बेट हवं होतं.
तिची जाऊ लंकेला जाऊन आलेली,
फोटो पाठवलेले: वाळू, देवळं, हत्ती, शहाळी.
आमच्या पैशांत धरणातलं बेट बसलं.

काठावर दुंडाप्पा उभा होता
पुट्टी डोक्यावर पालथी घेऊन.
"बर्री अक्का, माणशी चाळीस.
मधोमध बसा, हलू नका, मोबाईल आत ठेवा."
डांबर फासलेली ती बुट्टी
आधी दोनदा स्वतःभोवती फिरली,
कुठं जायचं ते आठवत असल्यासारखी,
मग निघाली उन्हाच्या पोटात.

बेट म्हणजे काय, तर गावाची टाळू.
पाऊस लागला की बुडते,
वैशाखात वर येते, भेगाळलेली, शिंपल्यांनी पांढरी.
झाड एक नाही. सावली फक्त आमचीच,
ती आम्ही आळीपाळीनं वापरली.

दुंडाप्पानं घसा साफ केला, काठी उचलली.
ही दीपमाळ. एकवीस दिवे लागायचे,
आता खेकडे राहतात.
ही चावडी. हिच्यावर कुणी बसायचं यावरून
दोन पाटील बेळगावच्या कोर्टात गेले,
निकालाच्या आधी पाणी आलं.
हा वीरगळ: खाली गाई, मधे तलवार,
वर स्वर्गात पोचलेला माणूस,
नाक गाळानं खाल्लंय, तरी खुशीत दिसतो.

शिळेवर चार ओळी होत्या.
रत्नव्वाची नात कानडी शाळेत, सातवीत.
बोट ठेवून तिनं वाचायला घेतलं,
"हा ग असंल. नाही, न..."
आणि गप्प झाली.
आम्हा मराठी शाळेवाल्यांना चंद्र-सूर्य तेवढे वाचता आले,
ते सगळ्यात वर कोरलेले होते.

पुढं मोकळी जागा. दगड, गाळ, अर्धं जातं.
आम्ही सरळ चाललो होतो. तो थांबला,
डावीकडून वळसा घेतला,
चपला काढल्या,
आणि दोन दगडांच्या मधून आत गेला, किंचित वाकून.
भिंत नव्हती. चौकट नव्हती.
वाकावं असं काहीच नव्हतं तिथं.
आम्ही एकमेकींकडे बघितलं,
मग एकीमागून एक त्याच दगडांमधून आत गेलो.
अक्काताईनं, का कोण जाणे, डोक्यावर पदर घेतला.
"हिकडं चूल," तो म्हणाला. "हिकडं म्हस.
मी चौथीत हुतो."
काठी त्यानं बाहेरच ठेवली होती.

परसात विहीर.
वर्षातले नऊ महिने ती तळ्याच्या आत असते,
पाण्यात बुडालेलं पाणी.
त्यानं कमरेची दोरी सोडून तांब्या आत सोडला.
"धरणाचं पाणी येगळं ओ. हे आमच्या आईचं.
पिऊन बघा, फरक कळंल."

प्यालो.
गाळाची चव, तापल्या दगडाची चव,
येताना पुट्टीतून ओंजळ भरून चाखलेलं तेच पाणी.
तो आमच्या तोंडांकडे बघत होता.
गोड आहे, रत्नव्वा म्हणाली.
गोड आहे की, म्हणालो आम्ही सगळ्याच,
आणि नातीनं घरून आणलेली बाटली
गाळात ओतून रिकामी केली, पुन्हा भरून घेतली.

परतताना पुट्टीतच डबे उघडले,
भाकरी, शेंगाचटणी, पातेल्याला चिकटलेला कुंदा.
दुंडाप्पानं एका हातानं खाल्लं, एका हातानं वल्हं मारलं.
अक्काताईनं जावेला फोटो पाठवला:
दगड, ऊन, डोळे बारीक केलेल्या चार बायका.
लगेच उत्तर आलं,
यात बघायचं काय आहे गं?
अक्काताईनं काहीतरी लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं,
मग फोन पदरात गुंडाळून ठेवला.
काठ जवळ आला होता, आणि पुट्टी
पुन्हा स्वतःभोवती फिरायला लागली होती.